डावीकडचं दार

बोआ व्हिस्ता
३ मार्च २०१०

ती. आईस,
नोरीनचा सा. न.

तू पाठवलेला कसाव्याचा रवा पोचला. तुझा जावई एडसन ट्रक घेऊन मनाउसला गेलाय. एप्रिलच्या मध्यापर्यंत यायचा नाही. त्याची निळी गाडी दारात उभी आहे.

तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला इथल्या दवाखान्यात नऊ एप्रिल ही तारीख मिळाली आहे. ती चुकवायची नाही.

आता दुसरी बातमी. काल मी लायसन्सच्या परीक्षेत नापास झाले. तिकडे लेथेमच्या बाजारात दहा वर्षं पिकअप चालवलेली बाई! आपल्याकडच्या सवयीनं उजवीकडचं दार उघडून बसले, पट्टा लावला, हात पुढे केले. समोर स्टीअरिंगच नव्हतं. सीमेच्या या बाजूला ते डावीकडे असतं आणि गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात. परीक्षक बाई कागद घेऊन बाहेर उभ्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, की माझ्या जागेवर तुम्ही बसलात, तर गाडी कोण चालवणार?

मग सगळंच बिघडलं. सिग्नल द्यायला गेले तर वायपर चालू झाले. वळले ती थेट रस्त्याच्या डाव्या बाजूला. समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यानं माझ्या डोळ्यांची चौकशी केली.

पुन्हा परीक्षा तीस तारखेला आहे. तू आपली बसनंच ये. मी थांब्यावर येईन.

लोभ असावा, आणि हसू बेताचं.
तुझी नोरीन


सेंट इग्नेशियस
११ मार्च

चि. नोरीन हिला अ. उ. आ.

अक्षर मोठं काढतेय, त्यामुळे कागद पुरत नाही. तुझं पत्र शेजारच्या क्लोडीननं वाचून दाखवलं. दोनदा. पहिलं वाचन हसण्यातच गेलं.

मी बसनं येणार नाही. परक्याच्या गाडीतून डोळा कापून घ्यायला जाण्याइतकं धैर्य माझ्यात नाही. तुझ्या हातची गाडी मला ठाऊक आहे. अकराव्या वर्षी खाली उशी देऊन तुला मीच शिकवलं. तुझे बाबा म्हणायचे, ही पोरगी माळावरची एखादी गाय मारणार. मारली नाहीस.

तू परीक्षा दे, मी डोळा देते. नाहीतर राहू दे. अंधुक दिसतं त्यात भागेल. कोंबड्या मी आवाजावरून ओळखते.

डाव्या हाताला लाल दोरा बांध. दोरा दाराकडे असला, की तू बरोबर जागी बसलीस. रस्त्यावर दोरा मध्याकडे राहील असं चाल. मी अंथरुणावर पडून दोन्ही हातांनी करून पाहिलं आहे.

मायेत कमी नाही, कागदात आहे.
आई


बोआ व्हिस्ता
३१ मार्च

ती. आईस, सा. न.

पास झाले. परीक्षक बाईंनी दोरा कसला म्हणून विचारलं. आईचा, म्हटलं. त्यांनी कागदावर सही केली.

सोमवारी लायसन्स हातात येईल. आठ तारखेला सकाळी तुला न्यायला येते. पण आई, मला अजून धीर नाही. पुलावर आपला देश संपला की रस्त्याची बाजू बदलते. या खेपेला शेजारी परीक्षक नसेल, तू असशील. परीक्षकाची भीती कमी होती.

तुझे कपडे बांधून ठेव. घाबरू नकोस, असं मीच स्वतःला सांगते आहे.

तुझी नोरीन


सेंट इग्नेशियस
२ मे

चि. नोरीनला अ. उ. आ.

आज अक्षर लहान आहे. डोळ्याला पाणी येत नाही. कोंबड्या तेरा निघाल्या, मी अकरा धरून चालले होते. हे पत्र क्लोडीनला दाखवलेलं नाही.

तू मला न्यायला आलीस त्या दिवशी निघताना मी डावीकडचं दार उघडून स्टीअरिंगसमोर बसले. तू पोट धरून हसलीस. म्हणालीस, आई, माझ्या जागेवर तू बसलीस, तर गाडी कोण चालवणार? एडसनलाही फोनवर ते रंगवून सांगितलंस. सांग बापडी.

मी चुकले नव्हते. समोर स्टीअरिंग आहे एवढं मला दिसत होतं. तू अंगणात उभी होतीस आणि तुझ्या हातातल्या किल्ल्या वाजत होत्या. हसलीस, तेव्हा वाजायच्या थांबल्या.

पुलावर बाजू बदलली, तेव्हा तू मला शेजाऱ्यांच्या डुकराची गोष्ट विचारत होतीस. वाक्य अर्ध्यात तोडलं नाहीस. वायपरही लागले नाहीत.

पुढच्या खेपेला मी उजवीकडून बसेन.

लोभ आहे तसाच राहू दे. दोरा आता सोडलास तरी चालेल.
आई