मधातली कमान

बाबा, काल मी तुमच्या हातची कमान फोडाले लावली. बैठक आन् सैपाकघराच्या मधातली. 

तुमाले जाऊन बारा वर्षं झाली. मिस्त्री म्हनून कोळशाच्या खानीच्या साहेबाचा बंगला बांधता बांधता त्याच्या मासिकातलं परदेशी घर तुमच्या मनात भरलं, आन् भद्रावतीत आपल्यासाठी तुमी तसंच उभं केलं. छपरावर लाल कवेलू, खरबरीत जाड गिलावा, हातभर रुंद भिंती, बारक्या खिडक्या, चार कमानी. असे घरं भूमध्य समुद्राकाठी राह्यते, हे मले कॉलेजात गेल्यावर समजलं. तिथी म्हने ऊन इतकं का लोक घरात अंधार बांधून ठेवते. ऊन आपल्या इथीही कमी नाई, पन आता मायच्या डोळ्यात मोतीबिंदू हाये, आन् ती तीनदा घरातल्या घरात पडली. "तुह्या बापानं एका चित्रापाई मले गुहेत ठेवलं," म्हनते आन् हासते. म्हनून मी ठरवलं, कमान काढाची, मोठी खिडकी बसवाची, तपकिरी रंग खरवडून पांढरा चुना द्याचा.

आता कामाले लावलेला मिस्त्री तुमच्याच हाताखाली शिकलेला. तो म्हने, चारातल्या दोन कमानी तुमी खऱ्या बांधल्या, विटा उभ्या खेटून, वरचं वजन घेनाऱ्या. दोन नुसत्या दिखाव्याच्या, वजन पेलनाऱ्या आडव्या लाकडी पाटाखाली बांबूच्या कमच्या वाकवून गिलावा केलेल्या. वरून काही समजत नाई, गिलावा लावाच्या करनीच्या दांड्यानं ठोकून आवाज ऐका लागते, आन् त्याले आता कमी ऐकू येते. "भाऊ, तुमाले तं बाबांनी दाखवलं असन ना?" मी करनी घेतली, दोनदा ठोकलं, मान हलवली. पोकळ हाये म्हनलो, फोडा. तुमच्यासारख्या मिस्त्र्याच्या पोराचा शब्द इथी कोनी तपासत नाई.

पावनेदोन वाजता गिलावा खाली येते. आत बांबू नाई. विटा हायेत, आन् मधातल्या तीन घनाच्या घावानं आधीच निंगल्या. वरून बारीक माती सांडून राह्यली. मिस्त्री घन हळूच खाली ठेवते, मायले बाहेर काढा म्हनते, आन् टेकू द्याले लाकडी बल्ल्या आनाले पळते. दोन वाजता खानीत सुरुंगाचे बार उडते, रोज भिंती हालते, भांडे वाजते. माय आत तांदूळ निवडून राह्यली. बाहेर याची वाट त्याच कमानीखालून.

मी म्हनतो, माय, बाहेर चाल. ती सुपातून डोकं वर काढत नाई. "काऊन? तुह्या बापानंच शिकवलं ना तुले? मंग मी कायले भिऊ?" बाराआधीचा खानीचा भोंगा वाजते. मी लिवलेल्या कथांमधी किती घरं पाडली, गल्ल्या उलट्या केल्या, कधी घाम नाई आला. आता करनी खाली ठेवली.

"माय, मले नाई मायीत. मी खोटं बोललो."

तिनं सूप बाजूले सारलं. माहा हात धरला नाई. भिंत चाचपत कमानीखालून निंगाली, तिच्या मागं मी, मान खाली घालून, जसं काही वाकलो म्हनजे वाचलोच. आंगनात पोचलो आन् बार झाला. दोन कवेलू घसरून फुटले, भिंतीले वरपर्यंत तडा गेला, पन पडलं काही नाई.

बल्ल्या लागल्या. आज मिस्त्री विटा परत बसवून राह्यला. कमान राहनार, फक्त खिडकी आन् चुना. मायनं माहं खोटं कोनाले सांगतलं नाई. मिस्त्री म्हनते, दिखाव्याची कमान बाबांनीच मागाहून खरी केली असन, पोराचा काय दोष. त्यानं चूक तुमच्यावर टाकली आन् मी चहाचा कप त्याच्या हातात देला.

हे कुठी पाठवाचं नाई, म्हनून लिहून टाकतो. कमानी बांधून राह्यले होते तवा तुमी मले शिडीवरून तीनदा हाक मारली, ये, ठोकून पाह्य म्हनून. मी विटांच्या ढिगामागं पुस्तक घेऊन पडलो होतो. मले हाक ऐकू आली होती, बाबा.