तंबूत शिरण्याआधी हे वाचा

अहो,

मी ड्यूटीवर निघाले, तीनपर्यंत येते. पोरं उजाडल्यापासून नाचताहेत. सुट्टीचा पहिला दिवस म्हणजे हॉलमध्ये आपला तंबू! खुर्च्या, निळी चादर, चिमटे, सगळं त्यांनी जमवलंय. चादरीला चिमटेच लावा, गाठी मारू नका. तुमच्या गाठी सुटून दरवेळी छप्पर थोरल्याच्या डोक्यावर येतं. धाकटीने तिकिटं रंगवलीत. तुमच्या तिकिटावर सिंह आहे, त्याला चुकूनही बटाटा म्हणू नका. केळी आणि पाव ठेवलाय, पण खायचं तंबूतच, हे तुम्हाला सांगायला नकोच.

गेल्या वर्षी तुम्ही "दोन मिनिटांत आलो" म्हणत फोन घ्यायला बाहेर पडलात, ते तडक ऑफिसलाच गेलात. तंबू आठ दिवस उभा होता. दोघं मोडूच देईनात. आत बाबांची उशी ठेवली होती ना!

तेव्हा आता फोन शोधत घर डोक्यावर घेऊ नका. तो माझ्या पर्समध्ये आहे. अडलंच तर शेजारच्या काकूंच्या फोनवरून मला कळवा. तुमच्या साहेबांचा फोन आला तर मीच सांगेन, ते तंबूत आहेत, आज बाहेर येणार नाहीत.