डावीकडचा बाण

ता. ३ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक, म्हणजे हे सोडून सर्व. डॉक्टरांनी यांची छाती बराच वेळ तपासली आणि चढ वर्ज्य केला. घरी येताच यांनी डोंगर चढायचे बूट पुसायला घेतले. तुझ्या त्या धुमसत्या डोंगराच्या तोंडाशी उभं राहून आत वाकून बघायचं, हे यांनी नोकरीत असल्यापासून ठरवलंय. शुक्रवारी निघतायत.

नको म्हणू नकोस. नको म्हटलं की हे धावत चढतील. त्या रानातल्या वाटांवर बाण रंगवायची नोकरी तुझी, तेव्हा तूच काहीतरी कर. मला फार भीती वाटते रे. आणि दाढी करत जा.

तुझी ताई

ता. ११ मार्च

ती. ताईस शि. सा. न.

भावोजींना आत्ताच परतीच्या गाडीत बसवलं. वाट फुटते तिथला उजवीकडचा बाण मी चढाईच्या आदल्या दिवशी खरवडला होता आणि सकाळी डावीकडे नवा काढला. ती वाट झाडीतून सपाटीने एका जुन्या, थंड विवराशी जाते. आत झाडं वाढलीत, तळाशी डबकं आहे. भावोजींनी काठावर टोपी काढली आणि निसर्गापुढे माणूस किती लहान, असं म्हणाले. बेडूक ओरडला. मी हो म्हणालो.

मागून एक सहल त्याच बाणाने आली. त्यांनी शिखर सर केल्याचे फोटो काढले. एकाला तर रडू आलं. साहेबांना अजून पत्ता नाही. सवड झाली की बाण पूर्ववत करतो. दाढी केली.

तुझा धाकटा

ता. १६ मार्च

मेहुणेबुवांस स. न. वि. वि.

पाहुणचार झकास झाला. एक सांगायचं राहिलं. खरा डोंगर आपल्या मागेच धूर सोडत होता. तुझी पंचाईत नको म्हणून मी त्याच्याकडे पाठ करून बसलो. तुझा रंगही ओलाच होता, माझ्या तळव्याला लागला.

खरं सांगू? फाट्यापर्यंतच माझा दम संपला होता. वरचा चढ बघून छाती धडधडायला लागली. भीती वाटली, आणि तुझ्यादेखत माघार कशी घ्यायची ते कळेना. तेवढ्यात तो बाण दिसला. इतका भला बाण मी आयुष्यात पाहिला नाही.

वर काय काय दिसलं ते तुझी ताई रोज विचारते. मी सांगतो, ती मान डोलावते. काल बेडकाचं तिनेच विचारलं. मी बेडूक सांगितलाच नव्हता.

पुढच्या महिन्यात तिला घेऊन येतोय. मला सांभाळायला येते म्हणते. तिचे गुडघे गेलेत, पण कबूल करायची नाही. तेवढा बाण पुसू नकोस.

लोभ आहेच, वाढवताना चढ टाळावा.

तुझे भावोजी