करिदाद मावशींचं गाणं

१४ जानेवारी २०२५, ॲन आर्बर, अमेरिका
वेदांतच्या कानाखाली वाजवावीशी वाटतेय!

करिदाद मावशींचं गाणं या माझ्या रूममेटनं बीट लावून रीलवर टाकलं. नाव दिलंय — 'आफ्रिकन चान्ट'! वर मलाच सांगतो, "अगं, वीस हजार व्ह्यूज आलेत यार. चिल!"

चिल?

खालच्या मजल्यावरच्या या क्यूबन बाईंनी वर्षभर मला दारात उभं केलं नव्हतं. मग कॉफी. मग माझ्या थीसिससाठी गाणी. त्यांच्या पणजीला आफ्रिकेतल्या योरुबांच्या मुलखातून जहाजात कोंबून क्यूबात नेलं, उसात राबवलं. तिची भाषा घरात उरली ती गाण्यांपुरती. हे गाणं तर घरातलं माणूस गेल्यावरच म्हणायचं. "तुझ्या अभ्यासापुरतं. बाहेर नाही," म्हणाल्या होत्या.

आणि वेदांतला फाइल दिली कुणी? मीच! खरखर काढून दे म्हणून.

१५ जानेवारी
रील काढायला लावलं. "चोरी केली का मी?" म्हणे. म्हटलं, तुझ्या कुलदेवीचा गोंधळ कुणी पबमध्ये वाजवला तर? "ओव्हररिॲक्ट करतेस."

पोळ्यांचा डबा आपटला मी. झाकणाला पोचा आला. येऊ दे.

१७ जानेवारी
मावशींना जाऊन सगळं सांगितलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्यापुढचा कप उचलला. "आमची माणसं नेली, नावं बदलली. एवढं एक राहिलं होतं." दार लावलं.

जिन्यात त्यांची नात यानेली भेटली. "आजीचं ते जुनं खूळ आहे. सोड ना." खूळ? हिला त्यातली एक ओळ येत नाही! हिचाही राग. सगळ्यांचाच. स्वतःचा सर्वांत जास्त.

१८ जानेवारी
फोन, लॅपटॉप, ड्राइव्ह — सगळीकडून मावशींची सगळी गाणी डिलीट केली. थीसिस गेला खड्ड्यात.

२ फेब्रुवारी
सकाळी यानेली दारात. मावशी हॉस्पिटलमध्ये वारल्या. अचानक. उद्या अंत्यविधीला ते गाणं म्हणायला हवं आणि घरात कुणालाच येत नाही. "तुझ्याकडे रेकॉर्डिंग आहे ना? प्लीज."

नाही, म्हटलं. ती जिन्यातच बसली.

मी शेजारी बसले आणि गायला लागले. शब्द उतरवून घेताना शंभरदा ऐकलं होतं. सगळं पाठ निघालं. तिसऱ्या ओळीला ती माझ्यामागून म्हणू लागली.