पीटरना ‘जातो’ म्हणता येईना

कुंभकोणम, मंगळवार संध्याकाळ

मीच शिकवलं ना! माडीवरचे भाडेकरू पीटर, निवृत्त डच गृहस्थ. त्यांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं, घरातून निघताना नुसतं ‘जातो’ म्हणायचं नाही, अशुभ असतं. ‘जाऊन येतो’ म्हणायचं. तमिळमध्येही तसंच, ‘पोयिट्टु वरेन.’

आज व्हिसाच्या मुदतवाढीसाठी त्यांच्याबरोबर ऑफिसात गेले. साहेबांनी विचारलं, “मुदत संपली की देशाबाहेर जाणार ना?”

पीटरनी हात जोडले. “पोयिट्टु वरेन.”

“नुसतं जातो म्हणा. परत यायचं कोण विचारतंय?”

“अक्का म्हणतात, अशुभ असतं.”

सगळं ऑफिस माझ्याकडे बघायला लागलं. कुठे तोंड लपवू? साहेब वैतागले, “उद्या या” म्हणाले, आणि जेवायला उठताना शेजारच्या बाईंना काय म्हणाले? “पोयिट्टु वरेन!”

घरी आल्यावर पीटरना समोर बसवून सांगितलं, उद्या सरळ ‘जातो’ म्हणा, नाहीतर खरंच जावं लागेल.

“आधी तुम्ही निघताना म्हणून दाखवा, अक्का.”

मी उठले, दारापर्यंत गेले, तोंड उघडलं. शब्द फुटेना. मेला एवढासा शब्द!

उद्या साहेबांनाच सांगते, आधी तुम्ही म्हणून दाखवा.