दोन मालकांची सही

१२ जानेवारी

प्रिय मास्तर,

नमस्कार. ‘प्रिय’ लिहू की नको, यातच बराच वेळ गेला. शेवटी लिहिलं, कारण नुसतं ‘मास्तर’ म्हटलं की शाळेत रजेचा अर्ज दिल्यासारखं वाटत होतं. तू बरा असशील. मीही बरी आहे. दुकानात कपडे दुरुस्तीचं काम भरपूर येतं. लोक जाड होतात, लोक बारीक होतात, माझं पोट दोन्हीकडून भरतं.

फोन न करता पत्र का, तर फोनवर तिसऱ्या वाक्याला आपलं वाजतं. पत्रात निदान एकाचं बोलणं पूर्ण होतं.

काम गाडीचं आहे. बातम्यांत वाचलं असशीलच. आपल्या गाडीच्या कंपनीनं धुराचे आकडे धडधडीत खोटे दिले होते. तपासणीच्या यंत्रावर चढवली की गाडीला म्हणे आपोआप कळायचं की परीक्षा चालू आहे. तेवढ्यापुरती ती गुणी बाळासारखी वागायची आणि रस्त्यावर आली की सांगितल्याच्या कितीतरी पट धूर ओकायची. साहेब तपासणीला आले की तुझ्या वर्गातली पोरं जशी वागतात तसंच.

आता कंपनीनं सगळ्या मालकांना कळवलंय. रस्ते तीन आहेत. एक, ते गाडीत नवा प्रोग्रॅम फुकट घालून देतील. धूर कमी होईल, पण डिझेल जास्त जाईल आणि चढावर गाडी रडेल, असं कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणतो. दोन, गाडी परत द्यायची आणि ही भानगड बाहेर यायच्या आधी तिची जी किंमत होती ती घ्यायची. तीन, यातलं काहीच घ्यायचं नाही आणि वकील करून स्वतः कोर्टात जायचं. पहिल्या दोनांतलं एक घेतलं की तिसरा रस्ता बंद. आणि नुसतं गप्प बसलो तर पुढच्या तपासणीत गाडी नापास होणार, म्हणजे ती दारात शोभेला. महिनाअखेरीच्या आत कळवायचं आहे.

पण गाडी दोघांच्या नावावर आहे. वेगळं होताना आपण भांडी वाटली, पुस्तकं वाटली, तुझ्या त्या कुबट वासाच्या रंगाच्या पेट्यासुद्धा मोजून तुला दिल्या. गाडीचं तेवढं राहिलं. त्यामुळे जे काही करायचं त्यावर दोघांची सही लागणार.

माझं म्हणशील तर परत देऊन टाकू. मला ती आता फारशी लागत नाही. खालच्या पार्किंगचं भाडं उगाच जातं. बॅटरीही सारखी उतरते. कारणं एवढीच.

कागद सोबत पाठवतेय. माझी सही केली आहे, खालची जागा तुझी. घाई नाही असं लिहिणार होते, पण आहे.

तुझ्या गाडीची दुसरी मालकीण

२३ जानेवारी

मास्तर,

तुझं पत्र मिळालं आणि कागदही मिळाला, बिनसहीचा. ‘पैसे नकोत, प्रोग्रॅम नको, मला कोर्टात उभं राहायचं आहे,’ एवढंच लिहिलंस आणि खाली वकिलाचा पत्ता. चार ओळींत आटपायला तू काय तार करत होतास?

तुझं पत्र वाचून मी माझं आधीचं पत्र आठवलं. तू कोर्टाबद्दल लिहिलंस, मी धुराबद्दल लिहिलं. भिंगरीबद्दल कुणीच एक अक्षर लिहिलं नाही. ज्या पोरीसाठी ही गाडी घेतली, तिचंच नाव आपण दोघांनी गाळलं. आपण दोघंही धन्य आहोत.

मग मी तुला उत्तर लिहायला घेतलं. खटले वर्षानुवर्षं चालतात, गाडी पुरावा म्हणून कोर्टवाले घेऊन जातील, इंजिन खोलतील, तुझ्या रजा वाया जातील. सगळं खरं होतं, पण मनातलं त्यात काहीच नव्हतं. फाडून टाकलं.

आता जे झालं ते सांगते. मी तुझ्या वकीलबाईंना भेटून आले. तुला न विचारता. रागवायचं तर रागव.

त्यांच्या ऑफिसात खुर्च्यांवरसुद्धा फायली होत्या, मी अर्ध्या खुर्चीवर बसले. त्या म्हणाल्या, “आजारी मुलगी, तिच्यासाठी मुद्दाम महागातली स्वच्छ गाडी घेतली, आणि कंपनीनं फसवलं. केस दमदार आहे.” मग चष्मा काढून म्हणाल्या, “पण ताई, त्यांचा वकील पहिल्याच दिवशी काय विचारेल माहीत आहे का? बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून मुलीला आत घेऊन कोण बसायचं?”

मी पिशवी उचलून उठायला लागले.

“तुमच्या मिस्टरांना मी हे सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या. “ते म्हणाले, विचारू देत. मला तेच हवंय.”

तिथून निघाले ती कशी घरी पोचले मला आठवत नाही. एका बाईंच्या कोटाला उलटी बटणं लावली त्या दिवशी.

म्हणजे तुला कंपनीला कोर्टात खेचायचंच नाहीये. तुला स्वतःला खेचायचंय. कुणीतरी उंच खुर्चीवर बसून सांगावं की हो, तूच केलंस, म्हणून तू वकिलाची फी भरणार आहेस. मी तुला ओळखते रे. मुलांच्या चित्रात चूक दिसली की तू त्यांना ओरडायचा नाहीस, घरी येऊन स्वतःवर चिडायचास, मलाच नीट शिकवता आलं नाही म्हणून.

आठवतंय का शोरूम? तो विकणारा म्हणाला होता, “मागे उभं राहून श्वास घ्या, बागेत आल्यासारखं वाटेल.” आणि तू, एवढा मोठा माणूस, खरोखर गुडघे टेकून त्या धुराच्या नळीला नाक लावलंस. तुझं बघून भिंगरीही बसली. दोघं माना हलवत म्हणालात, “पास!” मी लाजेनं मेले होते तेव्हा. आता ते आठवलं की मला हुंदका आवरत नाही. मास्तर, आपण वास घेऊन बघितला होता. सामान्य माणूस याहून जास्त काय तपासू शकतो?

तिला आडवी केली की धाप लागायची. मांडीवर नाही, उशांच्या ढिगावर नाही, कुठेच तिचा डोळा लागायचा नाही. लागायचा फक्त गाडीत, अर्धवट बसल्यासारखी टेकवून, इंजिनाची घरघर चालू असताना. आधी तू तिला फिरवून आणायचास. पुढे हिवाळ्यात पार्किंगच्या आतल्या टोकाला, वारा लागू नये म्हणून, गाडी उभी करून बसायला लागलास. संध्याकाळभर. काच धुरकट झाली की बोटानं तिला चित्रं काढून दाखवायचास. मी वरून स्वयंपाक करता करता ती घरघर ऐकायचे आणि मला बरं वाटायचं. चादर कमी पडली तर मीच आणून द्यायचे. स्वच्छ गाडी आहे, हे आपण दोघांनीही मानलं होतं.

ही बातमी आली त्या दिवशी मी मुलांच्या डॉक्टरांकडे गेले होते. हेही तुला सांगितलं नाही. मी विचारलं, त्या धुरानं झालं का? मला ‘नाही’ ऐकायचं होतं. ते म्हणाले, “आजार जन्मापासूनचा होता. असा धूर छातीला वाईटच. पण त्यानं किती भर घातली, की घातलीच नाही, हे आता कुणीही सांगू शकणार नाही. कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.” बघ, हे असं आहे. हो नाही आणि नाहीही नाही. कोर्टातही यापेक्षा वेगळं काही मिळणार नाही. तू वर्षानुवर्षं तारखांना जाशील, तिचे रिपोर्ट परकी माणसं मोठ्यानं वाचतील, आणि शेवटी तू याच जागी असशील जिथे आज आहेस.

मी तुला दोष दिला का, हे तू कधी विचारलं नाहीस. तेव्हा न विचारताच सांगते. ती गेल्यावर मी तुझ्याकडे बघायचं टाळायचे, कारण तिचं नाक तुझं होतं. तूही माझ्याकडे बघायचा नाहीस, कपाळ माझं होतं ना. आपण त्यामुळे तुटलो. दोषाचा विचारही तेव्हा कुणाच्या मनात नव्हता. बातमी आली तेव्हा मात्र एक दिवस मी तुझ्यावर दात-ओठ खाल्ले. दुसऱ्या दिवशी रडून उठले आणि ते संपलं. त्यानंतर मनात राहिलं ते एवढंच, की तुला हे कळेल तेव्हा तुझ्याजवळ कुणी नसेल.

मी परत द्यायचं म्हणतेय ते भाड्यासाठी नाही. मी अजून दर रविवारी खाली जाऊन त्या गाडीत बसते. इंजिन बंद ठेवून. मला हे थांबवायला हवं आणि माझ्यानं एकटीनं थांबवत नाही.

शनिवारी सकाळी शोरूममध्ये दोन्ही मालकांना बोलावलंय. मी गाडी घेऊन येते. तू सही केलीस तर किल्ल्या तिथेच देऊ आणि दोघं चालत परत येऊ. नाहीच करायची म्हणालास तरी ये. मग तिथूनच वकीलबाईंकडे जाऊ, गाडी त्यांच्या ताब्यात देऊ, आणि साक्षीला तुझ्यानंतर मी उभी राहीन. इंजिन कोण चालू ठेवायचं असं कंपनीच्या वकिलानं विचारलं तर सांगेन, मुलीचे वडील. तिला दुसऱ्या कुणाजवळ झोप येत नव्हती म्हणून. वर आणायचास तेव्हा ती तुझ्या खांद्यावर तोंड उघडं टाकून झोपलेली असायची आणि तू कुजबुजायचास, “झोपली.” त्या एका शब्दासाठी मी दिवसभर जीव मुठीत धरून असायचे, हेही सांगेन. त्यांना लिहून घ्यायचं तर घेऊ देत.

पण माझं ऐकशील तर सही कर. माझ्या पोरीच्या बापाला कुणी गुन्हेगार म्हटलेलं मला ऐकवणार नाही. तूही म्हणू नकोस.

वाट बघते.

भिंगरीची आई