बाण कुठून पाहायचा

१. तीन वर्षांपूर्वी बाबांनी आणि मी एका छोट्या बोटीवर शिडाऐवजी मोटारीने फिरणारे उभे पिंप बसवले. आडवा वारा आला की फिरते पिंप हवेला मागच्या बाजूला वळवते आणि हवा पिंपाला पुढे ढकलते. बोट पुढे जाते.
२. पिंप उलटे फिरले, तर तोच जोर बोट मागे नेतो.
३. आराखड्यावर फिरण्याचा बाण मी काढला. तो वरून पाहून काढला होता. तसे लिहिले नाही.
४. तारा जोडायला बाबा डेकखाली उताणे झोपले होते. त्यांना पिंप खालून दिसत होते, आणि खालून पाहिले की फिरण्याची दिशा उलटी होते. त्यांनी बाणाप्रमाणेच जोडणी केली.
५. बोट मागे येऊन दगडी धक्क्यावर आदळली. मागे दोर सोडत उभ्या असलेल्या बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली.

हे आधी लिहिले, कारण पुढची वाटणी त्यावर ठरते.

मी, वय एकतीस, प्रयोगशाळेत हवेचे आणि पाण्याचे प्रवाह मोजते. येत्या चौदा तारखेला माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, शंभरातले सत्त्याण्णव घरी जातात. उरलेल्या तिघांत मी असले तर हा कागद वापरावा. डोके ठिकाणावर आहे. मजकूर कोणी सांगितलेला नाही.

बँकेतली शिल्लक बाबांना. त्यांनी ती बोटीवर उडवली तरी कोणी हरकत घेऊ नये.

मोजमापाची उपकरणे प्रयोगशाळेला. वाऱ्याचा वेग मोजणारे जुने यंत्र जरा जास्त दाखवते. किती जास्त, ते डबीच्या झाकणात लिहिले आहे.

कपाटातली कागदी नळी दादाला. लहानपणी बाबा ती टेबलावर ठेवलेल्या तिरक्या फळीवरून घरंगळत सोडायचे. टेबलाच्या कडेवरून सुटली की ती लांब न जाता वळून टेबलाखाली यायची. मी दर वेळी पुढे धावायचे. दादा आधीच टेबलाखाली बसलेला असायचा. "बावळट, ती इकडेच येते," म्हणायचा. या विषयातले माझे पहिले शिक्षण त्याच्याकडे झाले.

शेड आणि तिच्यातले लेथ यंत्र माझ्या नावावर आहेत. ते बाबांना. शेडची किल्ली सध्या दादाकडे आहे. अपघातानंतर त्यानेच कुलूप लावले आणि म्हणाला, "बाबा, आता पुरे. उरलेल्या आठ बोटांनी पेपर वाचा." बाबांनी चाळीस वर्षे लेथ चालवले, पण त्या दिवशी त्यांनी मान खाली घातली. दवाखान्यात त्यांनी सगळ्यांना सांगितले होते, की तारा आपणच उलट्या जोडल्या. मला बाजूला घेऊन म्हणाले, "अगं, बोटं माझी, चूकही माझीच. तुझी नोकरी नवी आहे. गप्प बस."

मी गप्प बसले. शेड माझी असूनही.

आणखी एक नोंद. निघण्याआधी मोटार क्षणभर फिरवून दिशा बघायची असते. बाबा म्हणाले होते, "एकदा फिरवून बघू या का?" मी म्हणाले, "वारा पडेल, चला." म्हणजे चूक दोनदा माझी. बाबांची एकदाही नाही.

साक्षीदारांना यातले काही मिळणार नाही. वकीलबाई म्हणतात, तसेच असायला हवे. शेजारच्या शिंपीणकाकू म्हणाल्या, "मला काही नको. तू परत ये, ब्लाऊजचं माप राहिलंय."

स्थळ: माझी खोली, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: ९ मार्च
सही: धाकटी
साक्षीदार: शिंपीणकाकू, प्रयोगशाळेतले वेल्डर

दादा, याची प्रत तुला आजच पाठवते आहे. शेडचे कलम माझ्या मरणाची वाट पाहत ठेवायचे नाही. चूक कोणाची होती, ते वर लिहून मी तुला सांगते आहे; बाबांना ते पहिल्यापासून माहीत आहे. किल्ली तू स्वतः त्यांच्या हातात देशील का? मला चौदा तारखेच्या आधी लेथ सुरू झालेले ऐकायचे आहे. हो किंवा नाही, गुरुवार, बारा तारखेच्या संध्याकाळपर्यंत कळव.